ताई झोपली आहे

भाच्याचा लेबलं छापायचा छोटा कारखाना होता. महिन्यातून एका रविवारी तो आत्यांना भेटायला येई, तेव्हा फळं आणत नसे, चुकलेल्या छपाईचे स्टिकर आणत असे. रंग सरकलेले, कडा तिरप्या कापलेल्या, गिऱ्हाइकाने परत पाठवलेले. रद्दीवाला ते घेत नाही आणि फेकून द्यायला जिवावर येतं, तेव्हा आत्या होत्याच. स्वतःच्या खिशाला तोशीस न लागता माणसाला जितकं उदार होता येतं तितका तो उदार होता.

आत्या दोन. मोठीला सगळे ताई म्हणत, धाकटीला बेबी. बेबीने सत्तरी ओलांडली होती, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही निघत नाही. ताईने लग्न केलंच नव्हतं. बेबीने केलं होतं, आणि नवरा गेल्यावर ती पेटी घेऊन पुन्हा वडिलांच्या दारात उभी राहिली. "जाताना विचारलं नव्हतंस, मग येताना कशाला विचारतेस? ये," असं ताई म्हणाली. त्या 'ये'चा हिशेब बेबी तेव्हापासून चुकता करत होती.

आता दोघींची परिस्थिती अशी होती की ताईला दिसत नव्हतं आणि बेबीला आठवत नव्हतं.

ताईची नजर आधी मधोमध गेली, मग कडेने. डॉक्टरांनी हात टेकले. बेबीला लहानपणच्या शाळेतल्या बाकावर कुणी काय कोरलं होतं ते आठवे, पण सकाळी दूध घेतलं की नाही ते आठवत नसे. दोघी मिळून एक धड बाई होत होती, आणि ती धड बाई दर महिन्याला भाच्याला दाखवायची होती. कारण घर वडिलांचं. मुली आहेत तोवर घर मुलींचं, असं वडील सगळ्यांसमोर बोलून गेले होते. भाऊ होता तोवर तो शब्द पाळला गेला. भाऊ गेला आणि भाच्याने त्या शब्दाला एक शेपूट जोडलं: "तुमचं तुम्हाला जमतंय तोवर राहा की. कोण काढतंय तुम्हाला?" जमेनासं झालं की गावाबाहेरचं वृद्धांचं निवास. ते काही वाईट ठिकाण नव्हतं. स्वच्छ होतं, जेवण वेळेवर मिळे, आणि तिथून कुणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं.

या घरात ताई आंधळी नव्हती. खुर्चीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून कपाटापर्यंत तिच्या पायांना सगळं पाठ होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात ती आंधळी होती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून भाच्याला कळता कामा नये, एवढा एकच ध्यास तिने धरला होता.

स्टिकर तिच्या कामाला आले ते असे. दागिन्यांच्या डब्यांवर लावायचे मखमली ठिपके आले की ती ते 'चालू'च्या बटणावर लावी. जिन्याच्या पायऱ्यांवर लावतात त्या खरखरीत पट्ट्यांचे तुकडे म्हणजे 'बंद' किंवा 'हात नको'. बक्षिसाच्या कागदावर असतात ते उठावाचे सोनेरी गोल म्हणजे तिचं स्वतःचं: तिचा कप, तिच्या गोळ्या, तिचा टॉवेल. गॅसच्या बटणांना, कपडे धुवायच्या यंत्राला, फोनला, दिव्यांच्या बटणांना ठिपके. गॅलरीच्या सरकत्या काचेवर हाताच्या उंचीला एक लांब खरखरीत पट्टी, कारण त्या काचेवर तिने एकदा कपाळ फोडून घेतलं होतं. बेबी तेव्हा समोरच बसली होती. "अगं, बघून चाल ना," असं म्हणून वर हसली होती.

बेबीला हे ठिपके म्हणजे मळ वाटे. दुपारी सगळं सामसूम झालं की ती नखाने गॅसची बटणं खरवडत बसे. "काय बाई हे डाग! निघता निघत नाहीत." मखमल निघून येई, खाली डिंक उरे, त्या डिंकाला धूळ बसे, मग बेबी तेलाचा बोळा घेऊन घासे. संध्याकाळी ताईची बोटं बटणावर जात, तिथे गुळगुळीत.

"कार्टे, पुन्हा काढलास ठिपका?"

"कसला ठिपका?"

यावर काय बोलणार? विसरणाऱ्या माणसाशी भांडण्यात काही राम नसतो. आपण तापलेले आणि समोरचा ताजातवाना.

पण ताईपाशी एक हत्यार होतं. दिवेलागणीला बेबी दाराकडे बघत म्हणे, "ताई, हे अजून आले नाहीत गं."

"कोण हे?"

"हेच. आमचे."

"तो मेला," ताई म्हणे.

बेबी दर वेळी पहिल्यांदाच विधवा होई. तिचा चेहरा कसा पडला असेल ते ताईला दिसत नसे, पण श्वास अडकल्याचा आवाज ऐकू येई, आणि मग ताई हसे. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. बेबी तरी कुठली गरीब गाय! ताईच्या ताटातला चांगला तुकडा ती उचलून तोंडात टाकी, तिच्यासमोर जीभ काढून दाखवी, आणि फारच राग आला तर तिच्या वाटेतली खुर्ची वीतभर सरकवून गप्प बसून राही. राग कशाचा ते विसरून जाई. खुर्ची तिथेच राही.

बेबी स्टिकर वापरी ते निराळे. किमतीची पांढरी, कोरी लेबलं. त्यांवर बॉलपेनने लिहून ती घरभर लावी. 'गॅस बंद केलास का?' हे शेगडीच्या वर. 'दूध आलं आहे, पुन्हा सांगू नकोस' हे फ्रिजवर. पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत अशी लेबलं आतल्या बाजूला असत. मुख्य दाराच्या आतून, दार उघडलं की भिंतीला टेकून झाकलं जाईल असं: 'भाचा आला की शर्टाचा रंग मोठ्याने बोल.' ताटं-ट्रे ठेवायच्या फळीखाली: 'ताईच्या हातात काही देताना ते काय आहे ते आधी बोल.' जिथे ती पहाटे उठून चहाचं आधण ठेवी, त्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर, साबणाच्या बाटलीमागे: 'ताईला दिसत नाही. कुणाला सांगायचं नाही.' ते वाचून तिचा दिवस सुरू होई. आणि कपाटाच्या दाराच्या आत, कपड्यांमागे एक होतं: 'हे गेले. ताईला विचारू नकोस, ती हसते.' पण ते नेमकं दिवेलागणीला दिसत नसे.

यातलं एकच लेबल ताईने स्वतः सांगून लिहवून घेतलं होतं. ताई दुपारी पडली की बेबी दहा वेळा दार ढकलून विचारी, ताई, दूध आलं का, ताई, आज कोण वार. शेवटी ताई कावली. "मोठ्या अक्षरात लिही आणि माझ्या खोलीच्या दारावर लाव. ताई झोपली आहे. उठवू नकोस." ते मात्र बेबीने कधी मोडलं नाही. दारावर ते लेबल दिसलं की ती चवड्यांवर चाले आणि भांडंसुद्धा वाजू देत नसे.

एकदा बेबी न्हाणीघरात असताना सुनेचा, म्हणजे भाच्याच्या बायकोचा, फोन आला.

"ताईआत्या, एक बोलायचं होतं. तुम्ही समजूतदार आहात म्हणून तुमच्याशीच बोलते. निवासात एक जागा रिकामी झालीय. एकच. पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. दोघींपैकी जिला जमत नसेल तिला तिथे ठेवू, दुसरीला इथे राहू दे, असं यांचं म्हणणं. रविवारी येतोच आहोत. बेबीआत्यांचं कसं चाललंय हो? मागच्या वेळी मला दोनदा चहा विचारला."

ताईला कळायचं ते कळलं. दोघीही पकडल्या गेलेल्या नव्हत्या, पण एकीला पकडून द्यायचं होतं.

"बघा तुम्हीच येऊन," ती म्हणाली. "मी काय सांगू? आपलीच बहीण."

फोन ठेवून ती बराच वेळ खुर्चीत बसली. वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं, आणि त्यावर तिने लगेच औषधही शोधलं: बेबीला काय, कुठेही नेऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी तिला वाटेल आपण इथलेच. घर कुणाला लागतं? ज्याला घर आठवतं त्याला. माणूस दुसऱ्याच्या वाट्याचं दुःख मोजायला बसला की माप नेहमी छोटं घेतो.

शनिवारी बेबी जेवून आडवी झाली आणि ताई कामाला लागली. बेत साधा होता. बेबी लेबलांवर उभी आहे, लेबलं काढली की ती भाच्यासमोर आपोआप कोसळेल. आपण एक शब्दही बोलायचा नाही. ती भिंतींवरून, दारांवरून, फ्रिजवरून हात फिरवत गेली. कागदाचं लेबल बोटाला लागलं की नखाने कोपरा धरायचा आणि ओढायचं. पण स्टिकरची जात हलकट. लावायला एक क्षण, काढायला अर्धा जन्म. कागद वरून निघे, पापुद्रा खाली राही. काचेवरचं लेबल तर निघायलाच तयार नव्हतं. ताईने फडकं भिजवून त्यावर धरलं, चमच्याचा दांडा खाली घातला, नख मोडलं, बहिणीला दोन शिव्या दिल्या आणि शेवटी ते अख्खं सोडवून काढलं. काचेवर डिंकाचा चौकोन तेवढा उरला. काढलेली सगळी लेबलं तिने बिस्किटांच्या डब्यात टाकली. फेकायला तिच्याही जिवावर येई, भाच्यातलं ते रक्त याच घराण्यातलं होतं.

एक गोष्ट तिच्या डोक्यातच आली नाही. बेबी काय लिहिते हे तिने कधी विचारलंच नव्हतं. विसरभोळी बाई स्वतःपुरतंच लिहीत असणार, दूध, गॅस, चष्मा, असं तिने गृहीत धरलं होतं. भाच्याच्या शर्टाचा रंग बेबी दारात बोलते, वस्तू देताना नाव घेते, ते सवयीने, असं तिला वाटे. सवय कसली! ती रोज सकाळी नव्याने वाचत होती. ताईने आपल्याच हाताने आपले डोळे खरवडून डब्यात टाकले होते.

रविवारी सकाळपासून बेबी अस्वस्थ. पाण्याचं आधण ठेवून ती खिडकीपाशी गेली, डिंकाच्या चौकोनावर बोट लावून उभी राहिली. काहीतरी इथे असायला हवं होतं एवढं तिला कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. बोट काचेला चिकटे, सुटे, पुन्हा चिकटे.

बेल वाजली. बेबीने दार उघडलं. "ये रे, ये."

ताई आपल्या खुर्चीत ताठ बसून रंगाची वाट पाहत होती. रंग आला नाही. तिने वेळ मारून नेली. "ये बाळ. वाळलास हो."

"कुठे, वजन वाढलंय," भाचा म्हणाला.

सून तिच्या बाजूला बसली. बेबी चहा टाकायला गेली, आणि थोड्याच वेळात दूध उतू गेल्याचा वास घरभर पसरला. सून धावत आत गेली. शेगडीवर दूध करपत होतं आणि बेबी खिडकीपाशी उभी राहून काचेवर बोट लावत, काढत होती.

"रोजचंच आहे," ताई हळूच भाच्याला म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती वर्षानुवर्षं बोलली नव्हती. "मी सांभाळून घेते रे. पण उद्या आगबिग लागली तर?"

भाच्याने मान हलवली. ताईला ते दिसलं नाही, पण खुर्ची करकरली ते ऐकू आलं, आणि आतून ती सुखावली. झालं. जमलं.

चहा सुनेने केला. वातावरण जरा सैल करायला भाच्याने पिशवीतून नवी छपाई काढली. "आत्या, आता फोटोचे स्टिकर छापतो आम्ही. नवीन मशीन घेतलं. आपल्या छकुलीचा छापून आणलाय बघा." छकुली म्हणजे त्याची मुलगी, चौथीतली. त्याने दोन स्टिकर टीपॉयवर टाकले, दोन्ही सारख्या आकाराचे. एक छकुलीचा. दुसरा एका नव्या गिऱ्हाइकाच्या मालाचा, रंग किती झकास उठतात ते दाखवायला.

बेबीने हाताला आला तो उचलला आणि ताईच्या हातात ठेवला. "बघ ताई."

फक्त 'बघ'. दुसरं काही नाही.

ताईने अंगठा फिरवला. गुळगुळीत, चकचकीत. फोटोच. तिने तो हातभर लांब धरला, म्हाताऱ्या धरतात तसा, मान थोडी मागे नेली आणि हसली. "अगदी आजोबांवर गेलीय हो. नाक बघा. आणि डोळ्यांत कसला मिश्कीलपणा भरलाय! दृष्ट लागेल."

चहाचा कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

मग बेबी हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ताई! अगं उंदीर आहे तो! उंदीर मारायच्या औषधाचं लेबल आहे! शेपूट दिसत नाही का तुला?"

ताईचा हात तसाच लांब राहिला. सून पुढे वाकली आणि ताईच्या डोळ्यांसमोर तिने आपला पंजा हलवला. पापणी हलली नाही. भाचा म्हणाला, "किती दिवस झाले आत्या?" आणि त्याच्या आवाजात काळजी होती, पण काळजीच्या खाली एक हलकं, मोकळं काहीतरी होतं, ते ताईने बरोबर ऐकलं.

मग तिने सोंग सोडलं. "मला दिसत नाही, हो! पण मी जळून तरी मरणार नाही. हिला विचारा आज कोण वार. विचारा ना!"

"रविवार," बेबी म्हणाली. "कारखाना बंद असल्याशिवाय हा इकडे फिरकतो का?"

"सकाळी काय खाल्लंस?"

बेबीने आपल्या मांडीवर पाहिलं. "ब्रेड. हा काय चुरा." ज्याला दिसतं त्याला आठवावं लागत नाही, तो बघून घेतो.

ताईने शेवटचं हत्यार काढलं. "तुझा नवरा कुठे आहे?"

बेबीचं हसू गेलं. तिने दाराकडे पाहिलं, मग उठून कपाटापाशी गेली आणि दार उघडलं. कपडे बाजूला सारले. आतल्या लाकडावर कागदाचा फाटका पापुद्रा होता, अक्षर एकही नव्हतं. ती परत वळली. "हे आले नाहीत का अजून? ताई, हे कुठे गेलेत?"

"ऐकलंत?" ताई म्हणाली. "ऐकलंत ना? तो मेला गं बये, कधीचा मेला!"

बेबी कपाटाला धरून खाली बसली. भाच्याने तिला पाणी दिलं. ताई या वेळी हसली नाही, पण जिंकल्यासारखी मान वर करून बसली होती, ज्या बाजूला भाचा नव्हता त्या बाजूला तोंड करून.

निकाल स्वयंपाकघरात लागला. नवरा-बायको हळू बोलत होते, पण डोळे गेलेल्या माणसाचे कान किती तिखट होतात याचा विचार त्यांनी केला नव्हता.

"दोघींचंही जमत नाही," भाचा म्हणाला. "मग कुणाला?"

"सोपं आहे," सून म्हणाली. "बेबीआत्यांना वाचता येतं. वाचता येणाऱ्या माणसाला बाई लागत नाही, लेबलं पुरतात. ती आपल्याकडे पडून आहेत. गॅस काढून टाकू, डबा लावू. ताईआत्यांना मात्र दिवसभराची बाई ठेवावी लागेल."

"पण ताईआत्या हुशार आहे गं. सगळं आठवतं तिला."

"तेच तर," सून म्हणाली. "घरात आठवणारं माणूस ठेवून काय करायचंय? तुमचे आजोबा काय बोलले ते सारखं ऐकवायला?"

ताईने खुर्चीचे हात घट्ट धरले. डाव्या हाताखाली तिनेच लावलेला सोनेरी गोल होता, तिच्या खुर्चीची खूण. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

निघायच्या दिवशी बेबी दारात आली. आधीचं सगळं तिच्या डोक्यातून धुऊन गेलं होतं. तिने ताईचा पदर नीट केला. "सकाळी सकाळी कुठे निघालीस गं? सामान केवढं!"

ताईला खूप काही बोलता आलं असतं. तिच्या जिभेला कधी धार लावावी लागत नसे. पण खाली गाडी वाजत होती, आणि पहिल्या पायरीसाठी तिला पायाने चाचपावं लागत होतं.

"बाजारात," ती म्हणाली.

"मला काहीतरी आण हं."

सून हाताची चलाख. बिस्किटांचा डबा तिला ओट्यावर सापडला. तिने लेबलं वाचली, लागतील ती बाजूला काढली आणि कारखान्यात नव्याने छापून आणली. पाण्याने निघत नाही, उन्हाने उडत नाही, असा जाड, चिवट प्लॅस्टिकचा कागद. 'डबा बारा वाजता येईल.' 'दार कुणालाही उघडू नकोस.' काही ठिकाणी तिने मजकुरात सुधारणा केली. कपाटातल्या लेबलावर आता होतं: 'हे कामावर गेलेत. उशीर होईल.' आणि ताईच्या रिकाम्या खोलीचं दार लावून घेऊन त्यावर तिने सगळ्यांत मोठ्या अक्षरांतलं लेबल डकवलं. त्यात एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही. 'ताई झोपली आहे. उठवू नकोस.'

कल्पना नामी होती. बेबी रडत नव्हती, कुणाला काही विचारत नव्हती. दिवसभर चवड्यांवर चाले. डबा देणाऱ्याला दारातच ओठांवर बोट ठेवून गप्प करी. अर्धा डबा ताईसाठी झाकून ठेवी, संध्याकाळी भूक लागली की तोच खाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा झाकून ठेवी. तिचं घर भरलेलं होतं. एक जण आत झोपलेली, एक जण यायचा राहिलेला.

जुन्या लेबलांपैकी एक तिला डब्याच्या तळाशी सापडलं. सुनेने ते बिनकामाचं म्हणून मागे ठेवलं होतं. बेबीने ते वाचलं, खिडकीपाशी नेलं, डिंकाच्या चौकोनावर धरलं. ते बरोबर बसलं. तिने वरून थुंकीचा हात फिरवून दाबलं.

निवासात ताईने पहिल्याच दिवशी मखमली ठिपक्यांचा कागद बाहेर काढला, तेव्हा तिथली बाई म्हणाली, "इथे बटणांना, दारांना काही चिकटवायचं नाही हं, आजी. रंग निघतो. सगळ्यांनी लावायला घेतलं तर कसं होणार?" सगळी दारं सारखी, सगळ्या कड्या सारख्या. ताई दोनदा दुसऱ्याच्या पलंगावर जाऊन बसली आणि दोनदा तिने ओरडा खाल्ला. मग ती आपल्या पलंगावरून हलेनाशी झाली. ठिपका तिला एकच लावू दिला, तिच्या स्वतःच्या फोनवर. तो दाबला की घरी फोन लागे.

बरेच दिवस तिने तो दाबला नाही. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. शेवटी एका दुपारी मनाशी ठरलं. माफी वगैरे मागणं तिला जमलं नसतं. नुसतं विचारायचं होतं, जेवलीस का. आणि बेबीने नवऱ्याचं विचारलंच तर म्हणायचं, येईल हो, उशीर होतो कधी कधी. एवढं म्हणायचं तिने अनेकदा घोकून ठेवलं होतं. तिने ठिपक्यावर बोट ठेवलं आणि दाबलं.

"हॅलो," बेबी कुजबुजली.

"बेबी, मी बोलतेय."

"मी कोण?"

"अगं, ताई."

"काहीतरीच काय!" बेबी हसली, तेही हळूच. "आवाज मात्र अगदी तसाच हं तुमचा. पण ताई आत झोपलीय."

"बेबी, ऐक माझं. मी झोपलेली नाही. खोलीचं दार उघड आणि बघ. आत कुणी नाही."

बेबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून दाराकडे बघत होती. दारावर लिहिलेलं होतं.

"नाही बाई," ती म्हणाली. "उठवलं की चिडते ती."

"नाही चिडणार. उघड दार. उघड ना गं."

"आणि ताई फोन कशी करेल?" बेबी खिडकीकडे वळली होती. साबणाची बाटली तिने जरा बाजूला सरकवली. मग आवाज आणखी खाली आणला, अगदी विश्वासाने. "तिला दिसत नाही. पण हे कुणाला सांगू नका हं. आमच्या भाच्याला कळलं तर तिला नेऊन टाकतील. मी नाही कधी कुणाला सांगितलं."

ताईने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"ऐकताय ना? उठली की काय सांगू तिला?"

"काही नको," ताई म्हणाली. "झोपू दे."

"बरं," बेबी म्हणाली, आणि आवाज होऊ नये म्हणून तिने फोन अगदी अलगद खाली ठेवला.